चौथा पहारेकरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा, किंचित संस्कार केलेला मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आलेख-सिद्धान्तातील एक प्रश्न’ असा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी चिटणिसांना ‘भोजन किती वाजता’ एवढेच विचारले, असे माझ्या कानी आले आहे. त्यांचा दोष नाही. मी स्वतः बी.ए., तेही इतिहास घेऊन; गणिताशी माझा संबंध मॅट्रिकनंतर प्रवासभत्त्याच्या बिलापुरताच उरला. शिवाय या शहरात गणितावर बोलावयाचे म्हणजे पोर्ट ट्रस्टमधील कारकून श्रीनिवास रामानुजन यांची कथा सांगावयाची, असा एक रिवाज पडून गेला आहे. तो मी आज मोडणार आहे. मला बोलावयाचे आहे ते सोळा गोदामांविषयी, चार पहारेकऱ्यांविषयी, आणि तरुणपणी मी लिहिलेल्या एका सरकारी टिपणातील एका चुकीच्या वाक्याविषयी.

गोष्ट १९९४ ची. शहराचे नाव तेव्हा मद्रासच होते. उत्तर मद्रासमधील एका सरकारी साठ्याच्या आवारात माझी नेमणूक झाली होती. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. आवारात चार ओळी व चार स्तंभ अशी सोळा गोदामे होती. मध्ये सरळ गल्ल्या. कोणत्याही गोदामाच्या ओट्यावर उभे राहिले की आडव्या गल्लीतील तीन व उभ्या गल्लीतील तीन अशी सहा गोदामे दिसत. बाकीची आड येत. रात्रपाळीला चार पहारेकरी असत, चौघेही रोजंदारीवरचे. अशात वरून काटकसरीचे परिपत्रक आले: चारांपैकी एक जागा कमी करावी. कमी व्हावयाचा तो अर्थातच सर्वांत वृद्ध, साठीच्या उंबरठ्यावर आलेला. कारण परिपत्रकात ‘कार्यक्षमता’ हा शब्द होता.

मी पंचवीस वर्षांचा होतो आणि परिपत्रकाला उत्तर देण्याची उमेद अजून टिकून होती. कागदावर सोळा चौकोन काढून बसलो. तासाभरात ध्यानात आले की तिघांनी भागणारच नाही, आणि ते का, हेही. समजा पहारेकरी तीनच आहेत. ओळी चार आहेत, तेव्हा निदान एका ओळीत कोणीच नाही. स्तंभही चार आहेत, तेव्हा निदान एका स्तंभातही कोणी नाही. ती रिकामी ओळ व तो रिकामा स्तंभ जेथे एकमेकांस छेदतात, तेथील गोदाम कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. चोराला तेवढे एक पुरे. बंधुभगिनींनो, आयुष्यात मी स्वतःच्या बुद्धीने सिद्ध केलेले हे एकच प्रमेय. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी वीजविभागाचा एक कनिष्ठ अभियंता म्हणाला, “सार, नजरेला वाट सरळ लागते. तारेला कुठे लागते? प्रत्येक गोदामातून सहा गोदामांना घंटेची तार नेऊ. नजरेऐवजी घंटा.” आवाराचा एक जुना सुरक्षानियम होता: कोणत्याही दोन गोदामांना सामाईक अशी दोन गोदामे जोडलेली असावीत, म्हणजे एका वाटेने वर्दी अडली तरी दुसरी वाट राहते. गल्ल्यांच्या रचनेत तो आपोआप पाळला जात होता. मी अभियंत्याला म्हटले, “जोड सहाचीच आणि सामाईक दोनच, मग फरक कशाने पडणार?” तो गप्प बसला. मी टिपणात लिहिले: ‘प्रत्येक गोदामास सहा गोदामांची जोड व कोणत्याही दोन गोदामांस दोन गोदामे सामाईक, हा नियम कायम ठेवला तर तारा कशाही टाकल्या तरी चौघांहून कमी पहारेकऱ्यांनी भागणार नाही.’

हे वाक्य ध्यानात ठेवावे.

तो वृद्ध पहारेकरी त्या दिवसांत एकदा माझ्या टेबलापाशी आला. तोडक्यामोडक्या हिंदीत त्याने जे सांगितले त्याचा आशय असा: “सार, माझे राहू द्या. तिघे ठेवायचे तर ठेवा. पण एकाची हाक दुसऱ्याने ऐकून तिसऱ्याला दिली पाहिजे. गेल्या कार्तिकातल्या वादळात दिवे गेले, तेव्हा शेजारच्या शिट्टीला उत्तर आले नाही म्हणून मी गेलो. तो चक्कर येऊन पाण्यात पडला होता.” मी त्याला ‘बघतो’ म्हटले. सरकारी ‘बघतो’. टिपणात त्याच्या बोलण्याचा एक शब्दही घातला नाही. ते मला भावनेचे वाटले, आणि मी तर गणित मांडत होतो.

आता थोडा वेळ गोदामे बाजूस ठेवू या.

आलेख म्हणजे शाळेत चौकटीच्या कागदावर काढत होतो तो नव्हे. गणितज्ञांच्या लेखी आलेख म्हणजे काही ठिपके आणि त्यांतील काहींना जोडणाऱ्या रेघा. ठिपके म्हणजे माणसे, गावे, गोदामे, काहीही. या सभागृहातील भगिनींना हा विषय पुरुषांपेक्षा अधिक कळावा, कारण त्या ठिपक्यांच्या रांगोळीत वाढल्या आहेत. आणि ज्या शहरात आपण राहतो तेथे मार्गळीच्या पहाटे दारोदार पुळ्ळी कोलम उमटते. येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमणी व राणी सिरोमणी या दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमचे व्याकरण गणिताच्या भाषेत मांडणारा लेख प्रसिद्ध केला होता. उंबऱ्यासमोरच्या पिठाला गणिताने एवढा मान द्यावा, याचे मला अजून अप्रूप वाटते.

आता आपला प्रश्न. रांगोळीतील काही ठिपक्यांवर कुंकू टाकावयाचे, अशा बेताने की प्रत्येक ठिपक्यावर एक तर स्वतः कुंकू असावे, नाही तर त्याच्या लगतच्या एका तरी ठिपक्यावर असावे. कमीत कमी किती ठिपके लागतील? गणितात अशा ठिपक्यांच्या समूहाला ‘डॉमिनेटिंग सेट’ म्हणतात. मी त्याला प्रभुत्वसंच म्हणेन, आणि त्या कमीत कमी संख्येला प्रभुत्वांक. प्रश्नाचे बीज बुद्धिबळात आहे: आठ-आठ घरांच्या पटावर प्रत्येक घर माऱ्यात येण्यास किती वजीर हवेत, हे कोडे एकोणिसाव्या शतकात गाजले, उत्तर पाच. हत्ती आठ लागतात, राजे नऊ. ज्या शहराने विश्वनाथन आनंद दिला आणि २०२२ च्या ऑलिंपियाडच्या वेळी नेपियर पूल पटासारखा काळापांढरा रंगविला, तेथे हे सांगणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देणे होय. फ्रान्सच्या क्लॉद बेर्ज यांनी १९५८ मध्ये ही कल्पना ग्रंथात आणली, ओयस्टीन ओर यांनी १९६२ मध्ये तिला आजचे नाव दिले.

चार-चार ठिपक्यांची रांगोळी घ्या आणि फक्त आडव्या-उभ्या लगतच्या ठिपक्यांनाच शेजारी माना. पहिल्या ओळीतील दुसरा, दुसऱ्या ओळीतील चौथा, तिसऱ्या ओळीतील पहिला व चौथ्या ओळीतील तिसरा, एवढ्या चारांवर कुंकू टाका. सोळाही ठिपके सांभाळले जातात, आणि गंमत अशी की प्रत्येक ठिपका बरोबर एकदाच. घरी जाऊन करून पाहावे. मात्र पाच-पाचाच्या रांगोळीत असा सुबक मेळ बसत नाही. तेथे सात लागतात. आठ-आठात सोळा. पुढे रांगोळी वाढत जाते तसा हिशेब अवघड होत जातो, कारण कडेच्या ठिपक्यांवर टाकलेल्या कुंकवाचा काही अंश वाया जातो. सोळा किंवा त्याहून अधिक ओळी-स्तंभ असतील तर एक सूत्र आहे: ओळींत दोन मिळवा, स्तंभांत दोन मिळवा, गुणाकार करा, पाचाने भागून अपूर्णांक टाका आणि चार वजा करा. सोळा-सोळास उत्तर साठ येते. चँग यांनी हे सूत्र १९९२ साली अनुमान म्हणून मांडले. सिद्ध व्हावयास २०११ साल उजाडले, तेही फ्रान्समधील चौघा संशोधकांनी संगणक हाताशी घेऊन केले.

अशा रांगोळीला गणितज्ञ ‘गुणाकार’ म्हणतात. चार ठिपक्यांची एक आडवी माळ घ्यावी. तिच्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी चार ठिपक्यांची उभी माळ ठेवावी. शेजारच्या माळांतील समोरासमोरचे ठिपके जोडावे. झाला माळेचा माळेशी गुणाकार. माझी गोदामे हाही गुणाकारच, फक्त माळेचा नव्हे. तेथे एका ओळीतील चारही गोदामे परस्परांना दिसत होती. म्हणजे ती माळ नसून चौकडी होती. चौकडी गुणिले चौकडी म्हणजे माझे आवार. बुद्धिबळाच्या भाषेत सांगावयाचे तर चार-चार घरांच्या पटावरील हत्तीची चाल.

मग साहजिकच मनात येते की दोन आलेखांचे प्रभुत्वांक ठाऊक असले तर त्यांच्या गुणाकाराचा प्रभुत्वांक सांगता येईल काय? माळेस दोन ठिपके लागतात. दोन दुणे चार, आणि रांगोळीस चारच लागले. वा! पण चौकडीस एकच पुरतो. एक एके एक, आणि आवारास मात्र चार लागले. तेव्हा बरोबरी नेहमीच होत नाही. सोव्हिएत गणितज्ञ वादिम विझिंग यांनी १९६३ साली हा प्रश्न उपस्थित केला आणि १९६८ साली अनुमान मांडले की गुणाकाराचा प्रभुत्वांक हा त्या दोन अंकांच्या गुणाकाराहून कधीही कमी असणार नाही. विधान इतके भाबडे वाटते की सातवीतल्या मुलाने सिद्ध करून द्यावे. ते अद्याप सिद्धही झालेले नाही आणि खोटेही ठरलेले नाही. इ.स. २००० मध्ये क्लार्क आणि सुएन या दोघांनी एवढे दाखविले की निदान निम्म्याहून तरी तो कमी होत नाही. अर्ध्या वाटेवर गाडी थांबली आहे म्हणा ना! सर्वसाधारण आलेखाचा प्रभुत्वांक काढण्याची झटपट रीतही कोणाला ठाऊक नाही. आपल्याच शहरात, तरमणीच्या गणितीय विज्ञान संस्थेत, अशा दुर्घट प्रश्नांवर मोठे काम झाले आहे. तेथील साकेत सौरभ यांना २०२१ चा भटनागर पुरस्कार मिळाला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. मी तरी ते वाचून पान उलटले होते.

आता गोदामांकडे परत येतो. फाईल वर गेली, दीड महिन्याने परत आली; शेरा होता, ‘मान्य. जागा चालू ठेवावी.’ वृद्ध पहारेकऱ्याने पुढे दोन वर्षे नोकरी केली आणि तो तिरुवण्णामलैकडे आपल्या गावी गेला. मी माझ्या प्रमेयाच्या अभिमानात राहिलो. बढतीच्या मुलाखतीतही एकदा ते सांगितले.

काही वर्षांपूर्वी माझी कन्या याच शहरात गणितात एम.एस्सी. करीत असताना एका रविवारी मी तिच्यापुढे हीच फुशारकी मारली. टिपणातील ते वाक्य मला मुखोद्गत होते. ते मी म्हणून दाखविले. ती हसली नाही. म्हणाली, “बाबा, पहिला भाग बरोबर आहे. गल्ल्यांनी पाहायचे असेल तर चारच लागतात. पण ‘तारा कशाही टाकल्या तरी’ हे चूक आहे. तुमचा अभियंता बरोबर होता. आणि तुम्हांला चूक ठरवणारा माणूस मराठीच आहे.”

तो माणूस म्हणजे प्राध्यापक शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागर येथे, शिक्षण नागपूरला, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट. श्रीखंड्यांचे नाव जगभर झाले ते १९५९ साली, बोस व पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलर या महागणितीचे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरविले तेव्हा. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर दिली. ऑयलरचे ते कोडे सहा पलटणींतील सहा हुद्द्यांच्या छत्तीस अधिकाऱ्यांना चौकोनात असे उभे करण्याचे होते की कोणत्याही ओळीत वा स्तंभात पलटण किंवा हुद्दा पुन्हा येऊ नये. छत्तीस अधिकारी नीट उभे करता येत नाहीत, हे सिद्ध व्हावयास १९०० साल उजाडले. केंद्र सरकारच्या कोणत्याही कचेरीत ते पहिल्याच दिवशी कळले असते. असो. श्रीखंडे १९६३ पासून मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, ते विजयवाडा येथे निवर्तले. सागरला जन्म आणि विजयवाड्यास मृत्यू: आपल्यासारख्या परमुलखातील मराठी माणसांस हा नकाशा ओळखीचा वाटावा.

त्याच १९५९ साली त्यांनी आणखी एक लहानसा लेख लिहिला होता. हत्तीच्या पटाची जी लक्षणे, म्हणजे प्रत्येकास अमुक इतकी जोड, जोडलेल्या दोघांस अमुक इतके सामाईक व न जोडलेल्या दोघांस दोन सामाईक, ती पाळणारी दुसरी एखादी रचना असू शकते काय, असा त्यातील प्रश्न. श्रीखंड्यांनी सिद्ध केले की असू शकत नाही, पट पाच-पाचाचा असो, सहा-सहाचा असो वा शंभर-शंभराचा असो. अपवाद एकच: चार-चार. नेमकी सोळा ठिपक्यांसाठी आणखी एक रचना आहे, आणि ती एकच आहे. तिला आज जगभर ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणतात. माझ्या आवारात पंचवीस गोदामे असती, प्रत्येकास आठांची जोड आणि सामाईक गोदामे पटावरच्याइतकीच असती, तर ‘तारा कशाही टाका’ हे माझे म्हणणे खरे ठरले असते. होती सोळा!

कन्येने दिवाणखान्यातच रांगोळी मांडली. चार-चार ठिपके. प्रत्येक ठिपका डावीकडच्या, उजवीकडच्या, वरच्या आणि खालच्या ठिपक्यास जोडावयाचा. ओळ संपली की शेवटचा ठिपका त्याच ओळीच्या पहिल्यास, आणि स्तंभ संपला की तळचा माथ्याच्या ठिपक्यास, जपमाळेसारखा. याखेरीज तिरप्या दोन रेघा: एक खालच्या ओळीत उजवीकडे, एक वरच्या ओळीत डावीकडे, त्याही कडेला पोहोचल्या की पलीकडून आत येतात. मोजून पाहा: प्रत्येकास सहाच जोड. कोणत्याही दोघांस सामाईक दोनच. एकूण रेघा अठ्ठेचाळीस, माझ्या गल्ल्यांइतक्याच. मग तिने कुंकवाची डबी आणली आणि पहिल्या ओळीतील पहिल्या, दुसऱ्या ओळीतील तिसऱ्या व तिसऱ्या ओळीतील दुसऱ्या ठिपक्यावर एकेक चिमूट टाकली. “मोजा,” म्हणाली.

मी मोजले. सोळाच्या सोळा. तिघांत भागत होते.

माझ्या मनाची अवस्था काय झाली ते सांगणे कठीण आहे. तो कनिष्ठ अभियंता गप्प बसला नसता, किंवा मला गणित खरोखर येत असते, तर चौथी जागा गेली असती. एका माणसाची दोन वर्षांची रोजी माझ्या अज्ञानावर उभी होती. बराच वेळ मी त्या रांगोळीकडे पाहत राहिलो. मग सहज विचारले, “हे तिघे एकमेकांना जोडलेले आहेत का ग?”

तिने रेघा तपासल्या. “नाहीत. एकही जोडी नाही.” मग कागद घेऊन थोडा हिशेब केला आणि म्हणाली, “असूच शकत नाहीत, बाबा. एकेक जण स्वतःसह सात सांभाळतो. त्यांतले दोघे जरी एकमेकांना जोडलेले घेतले तरी दोघांचे इतके ठिपके सामाईक होतात की तिघे मिळून फार तर पंधरा सांभाळतील. सोळा साधायचे तर तिघांनी एकमेकांपासून तुटूनच उभे राहिले पाहिजे.”

तेव्हा मला वादळातील ती शिट्टी आठवली. ‘एकाची हाक दुसऱ्याने ऐकून तिसऱ्याला दिली पाहिजे.’

कन्येने सांगितले की या अटीलाही गणितात नाव आहे. प्रभुत्वसंचातील ठिपके परस्परांशी, थेट किंवा आपापसांतूनच, जोडलेले असले पाहिजेत, अशी अट घातली तर त्याला जोडलेला प्रभुत्वसंच म्हणतात. ही कल्पना ज्या लेखाने रूढ केली तो धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील ई. सम्पतकुमार आणि एच. बी. वालीकर यांचा, १९७९ सालचा. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ धारवाड-बेळगावकडे आहे. आणि तो लेख ज्या नियतकालिकात छापला गेला ते निघत होते कोठून? येथून, मद्रासच्या आय.आय.टी.मधून. म्हणजे मी त्या आवारात रुजू झालो त्याच्या पंधरा वर्षे आधी, त्याच शहरातून, त्या वृद्ध पहारेकऱ्याचे म्हणणे छापून प्रसिद्ध झालेले होते.

ही अट घातली तर माझ्या गल्ल्यांच्या आवारास चार लागतात. चौघेही एकाच ओळीत उभे राहिले की झाले, आणि प्रत्यक्षात ते तसेच उभे राहत असत. श्रीखंड्यांच्या रचनेत ही अट घातली की तीन पुरत नाहीत, हे कन्येने दाखविलेच होते. मग किती? तिने दुसऱ्या ओळीतील दुसऱ्या ठिपक्यावर चौथी चिमूट टाकली. त्याच्या उजवीकडे एक पहारेकरी, खाली एक, आणि तिरपा वर डावीकडे एक. तिघांनाही त्याची हाक पोहोचते.

ती फाईल जतनाची मुदत संपल्यावर नष्ट झाली असणार. तिच्यावर आता दुरुस्ती करता येणार नाही. म्हणून ती मी आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत नोंदवून ठेवण्याची अध्यक्षांकडे परवानगी मागतो. १९९४ च्या त्या टिपणात ‘तारा कशाही टाकल्या तरी’ या शब्दांनंतर ‘व एका पहारेकऱ्याची हाक एकाकडून दुसऱ्याकडे जात सर्वांना पोहोचावयाची असेल तर’ एवढे शब्द घालून वाचावे. बाकी टिपण कायम.